संस्थेच्या दप्तराचे स्थलांतर
(वार्षिक संमेलनात अकलूज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृहे, व्यवसाय अशा विषयांवरची व्याख्याने आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्या मानाने मजकडे आलेला विषय किरकोळ, किंबहुना कारकुनी स्वरूपाचा वाटेल. आपल्या कार्यालयातील संगणकावर संघाचे दप्तर ज्या फोल्डरमध्ये साठविले आहे, तो फोल्डर संगणकाच्या एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कसा न्यावा, एवढाच तो विषय. मात्र ह्या फोल्डरात काय आहे हे एकदा ध्यानात घेतले, म्हणजे आजच्या सभेची वीस-पंचवीस मिनिटे त्यासाठी खर्ची घालणे वावगे ठरणार नाही, अशी माझी खात्री आहे.

त्यात आपल्या स्मरणिकांचे जुने अंक पानन्‌पान छायाचित्रित करून ठेवलेले आहेत. शिष्यवृत्ती फंडातून कोणास किती रक्कम दिली आणि कोणाकडून किती परत आली, त्याचा हिशेब आहे. वधूवर नोंदणीचे अर्ज आहेत. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, निरनिराळ्या गावांच्या वडीलधाऱ्या मंडळींनी स्वहस्ते लिहिलेल्या कुळांच्या वंशावळी आहेत. ह्या वंशावळींचे मूळ कागद त्या त्या घरी परत गेले. त्यांपैकी काहींना पुढे कसर लागली, काही घर बदलताना गहाळ झाले. ज्यांनी ते लिहिले त्यांतील बरीच मंडळी आज हयात नाहीत. म्हणजे कित्येक कुळांची स्मृती आज फक्त ह्या फोल्डरात उरली आहे. हे दप्तर हलवायचे, तर हमालाच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

हलवावे तरी कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. कार्यालयातील संगणकाचा 'सी' ड्राइव्ह 256 जीबीचा आहे. त्यावर विंडोज बसलेले आहे, इतर प्रोग्राम बसलेले आहेत, आणि उरलेली जागा आपल्या फोल्डरने भरून टाकली आहे. जागा संपली की नवी फाईल उतरत नाही, संगणक मंदावतो, आणि क्लाउडशी चाललेली देवाणघेवाण, जिला 'सिंक' म्हणतात, ती अर्धवट थांबते. शेजारीच एक टेराबाइटचा 'डी' ड्राइव्ह जवळजवळ रिकामा पडलेला आहे. शिवाय विंडोज 10 ह्या आवृत्तीचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविला, त्यामुळे पुष्कळ घरांतून संगणक बदलले गेले आणि हाच प्रश्न आपल्यापैकी अनेकांपुढे घरीही उभा राहिला आहे. सबब हे विवेचन केवळ कार्यालयापुरते नाही.

प्रथम 'क्लाउड' ह्या शब्दाविषयी दोन शब्द. क्लाउड म्हणजे ढग. पण ह्या ढगाचा आकाशाशी काही संबंध नाही. तो जमिनीवरच, मोठमोठ्या इमारतींतून, हजारो यंत्रांच्या रूपाने नांदत असतो. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुण्यात, अ‍ॅमेझॉनने 2016 साली आणि गुगलने 2017 साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. आपण कार्यालयात एखादी फाईल त्या विशिष्ट फोल्डरात ठेवली की तिची प्रत अशा एखाद्या केंद्रात जाते, आणि तेथून संघाच्या पुण्यातील व सोलापुरातील कार्यकर्त्यांच्या संगणकांवर उतरते. पुण्यातील भगिनीने तीत एक नाव दुरुस्त केले, तर थोड्याच वेळात ती दुरुस्ती अकलूजला दिसते. सोय मोठी आहे ह्यात शंका नाही.

परंतु ह्या सोयीच्या पोटातच धोका आहे, आणि आजच्या विषयाचे मर्मही तेच. आपण समजतो की अकलूजच्या संगणकावर आहे ते मूळ दप्तर, आणि क्लाउडमध्ये आहे ती सुरक्षेसाठी ठेवलेली नक्कल. तसे मुळीच नाही. येथे मूळ आणि नक्कल हा भेदच नाही. सगळ्या प्रती एकमेकींच्या आरशासारख्या आहेत, आणि प्रत्येक आरसा दुसऱ्यावर हुकूम चालवितो. अकलूजला एक पान वाढले तर सर्वत्र वाढेल, आणि अकलूजला एक पान गेले तर सर्वत्र जाईल. हे पान चुकून गेले की मुद्दाम काढले, हे विचारण्याची बुद्धी त्या यंत्राला नाही. सिंक म्हणजे सुरक्षित ठेव, ही समजूत जितक्या लवकर आपल्या मनातून जाईल तितके बरे.

आता कल्पना करा. एखादा उत्साही तरुण कार्यालयात येतो. 'सी' ड्राइव्ह भरल्याचे पाहतो. फोल्डर उघडतो, आतील सर्व काही निवडतो, 'कट' करतो आणि 'डी' ड्राइव्हवर नेऊन 'पेस्ट' करतो. कागदी दप्तर एका कपाटातून दुसऱ्यात ठेवण्यासारखेच हे काम, असे त्याला वाटते. पण सिंकच्या प्रोग्रामला काय दिसते? त्याची नजर 'सी' ड्राइव्हवरील त्या ठराविक जागेवर खिळलेली असते, 'डी' ड्राइव्ह त्याच्या गणतीतच नसतो. त्याला एवढेच दिसते की अकलूजच्या मंडळींनी सर्व फाईली काढून टाकल्या. मग तो इमानेइतबारे क्लाउडमधूनही त्या काढतो, आणि क्लाउडमधून गेल्या म्हणून पुण्यातून व सोलापुरातूनही काढतो. 'डी' ड्राइव्हवरची ती एक प्रत तेवढी उरते, आणि तिच्याकडे आता कोणाचेच लक्ष नसते. ह्यानंतर तो ड्राइव्ह बिघडला तर बोलायलाच नको.

फोल्डरच्या फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तर बहुतेक प्रोग्राम थांबतात आणि 'तुमचा फोल्डर सापडत नाही' अशी सूचना देतात, हे खरे. फोल्डर तसाच ठेवून आतला ऐवज काढून नेला, तर मात्र त्यांना ती निव्वळ काढून टाकण्याचीच क्रिया वाटते. मोठ्या संख्येने फाईली गेल्या तर वनड्राइव्ह एखादी सूचना पाठवितो, पण अशा सूचना वाचतो कोण? काढलेल्या फाईली कचरापेटीत 30 दिवस राहतात. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ही मुदत 30 दिवसांची आहे, गुगल ड्राइव्हने ऑक्टोबर 2020 पासून तीच ठेवली आहे, आणि ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यातही तितकीच आहे. आपल्या वंशावळी दररोज कोण उघडून पाहतो? चैत्रात गेलेली वस्तू दिवाळीत कोणी मागितली तेव्हा नाहीशी झाल्याचे कळायचे, आणि तोपर्यंत मुदत केव्हाच टळून गेलेली असायची.

अकलूजकरांना हे समजाविण्यास दूरचे उदाहरण नको. दरवर्षी श्री तुकाराम महाराजांची पालखी इंदापुराकडून येते, सराटीस पादुकांचे नीरास्नान होते, आणि पालखी अकलुजास येऊन गोल रिंगण होते. पालखीचा तळ रोज हलतो. पण रथापुढील कितवी दिंडी आणि रथामागील कितवी दिंडी, हा क्रम हलत नाही. तळ बोरगावास पडो की पिराची कुरोलीस, ज्याला आपली दिंडी गाठायची आहे तो क्रमांक विचारीत जातो आणि पोहोचतो. फोल्डरचे स्थलांतरही असेच व्हावयास हवे. तळ बदलावा, तळ बदलल्याची वर्दी प्रोग्रामला द्यावी, आणि आतील दिंड्यांचा क्रम, म्हणजे पोटफोल्डरांची नावे व रचना, तिळमात्र बदलू नये. आवराआवरीची हौस पुष्कळांना असते. 'हलवतोच आहोत तर जरा नीटही लावू या' हा मोह त्या दिवशी कटाक्षाने टाळावा. नीट लावण्याचे काम महिन्याभराने, स्वतंत्रपणे करावे.

हलविण्यापूर्वी पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे सर्व काही वर पोहोचले आहे की नाही. घड्याळाशेजारी ढगाचे जे चिन्ह असते त्यावर टिचकी मारली असता सिंक पूर्ण झाल्याची किंवा बाकी असल्याची खूण दिसते. 'सी' ड्राइव्हची जागा संपल्याने अडकलेल्या फाईली असतील तर त्यांचा आधी निकाल लावावा. ह्याची हयगय किती महागात पडते, हे नोव्हेंबर 2023 मध्ये दिसून आले. गुगल ड्राइव्हचा संगणकावर चालणारा जो प्रोग्राम आहे, त्याच्या 84व्या आवृत्तीत दोष निघाला आणि काही लोकांच्या अद्याप वर न पोहोचलेल्या फाईली दिसेनाशा झाल्या. त्या वेळी खुद्द गुगलने लोकांना बजाविले की, त्या प्रोग्राममधून खाते तोडू नका आणि प्रोग्रामचा अंतर्गत फोल्डर काढू अथवा हलवू नका. कारण जे वर गेलेले नाही त्याचा माग असलाच तर त्या फोल्डरातच असतो. पुढे फाईली परत मिळविण्याचे साधन कंपनीने दिले. तात्पर्य, नाते तोडण्यापूर्वी देणेघेणे चुकते झाले आहे ना, हे पाहावे.

आपले कार्यालय वनड्राइव्ह वापरते, तेव्हा त्याची रीत सविस्तर सांगतो. ढगाच्या चिन्हावरून 'सेटिंग्ज'मध्ये जावे, तेथे 'अकाउंट' ह्या विभागात 'अनलिंक धिस पीसी' असे शब्द आढळतील. ह्याचा अर्थ, हा संगणक आणि क्लाउड ह्यांमधील दुवा तूर्त काढणे. शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्याने क्लाउडमधील काहीही पुसले जात नाही, आणि संगणकावर प्रत्यक्ष उतरलेल्या फाईलीही जागच्या जागी राहतात. एकदा दुवा निघाला की आरशाचा हुकूम चालेनासा होतो, आणि मगच त्या फोल्डरास हात लावणे सुरक्षित होते. ज्यांनी 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' हे तीन फोल्डरही वनड्राइव्हच्या स्वाधीन केले असतील, त्यांनी दुवा काढण्याच्या आधी ती व्यवस्था 'बॅकअप' ह्या सदरातून थांबवावी. ती थांबविल्यावर 'डॉक्युमेंट्स' एकाएकी रिकामा दिसतो आणि गृहिणींपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांच्या छातीत धस्स होते. फाईली बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरात सुखरूप असतात, इतकेच.

दुवा काढल्यानंतर फोल्डर 'डी' ड्राइव्हवर न्यावा. बहुतेक मार्गदर्शक येथे 'कट' करावयास सांगतात. माझे मत निराळे आहे: 'कॉपी' करावे. 'कट' केलेले काम वीज गेल्याने मध्येच थांबले तर अर्धा संसार ह्या घरी आणि अर्धा त्या घरी अशी स्थिती होते, आणि विजेचा भरवसा आपल्याकडे कोणी द्यावा? 'कॉपी' करताना जुने दप्तर जागच्या जागी असते, फार तर पुन्हा आरंभ करावा लागतो. प्रत पूर्ण झाली की जुन्या फोल्डरचे नाव बदलून 'जुने, हात लावू नये' असे काहीतरी ठेवावे, नाहीतर सवयीने एखादा सभासद नवा अर्ज त्या जुन्या जागीच ठेवून जाईल. मग वनड्राइव्ह पुन्हा सुरू करून त्याच खात्याने प्रवेश करावा. तो आपला फोल्डर कोठे ठेवणार हे दाखवितो. तेथेच पुढे न जाता 'चेंज लोकेशन' निवडावे आणि 'डी' ड्राइव्ह दाखवावा. ह्या ठिकाणी ह्याच नावाचा फोल्डर आधीच आहे, तोच वापरू काय, असे तो विचारील. त्यास होकार द्यावा. तो असे विचारणार नाही आणि रिकामाच नवा फोल्डर निर्माण करील, तर समजावे की आपण एक पायरी आत किंवा एक पायरी बाहेर उभे आहोत. अशा वेळी पुढे न रेटता मागे फिरून योग्य जागा दाखवावी. त्यानंतर तो दोन्हीकडच्या फाईली ताडून पाहतो. ह्या कामास तास-दोन तासही लागतील. त्यात ढवळाढवळ करू नये.

ड्रॉपबॉक्सवाल्यांचे काम सोपे आहे. त्याच्या 'प्रेफरन्सेस'मधील 'सिंक' ह्या भागात फोल्डरची जागा दिलेली असते, तेथेच 'मूव्ह' म्हटले की तो आपला बिऱ्हाडबाजला आपणच हलवितो. गुगल ड्राइव्हच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फाईली क्लाउडमध्येच राहून संगणकावर एक आभासी ड्राइव्ह तेवढा दिसतो, आणि तेथे हलवायचा तो केवळ तात्पुरत्या साठ्याचा फोल्डर. दुसरीत फाईली खरोखर संगणकावर असतात. आपली तऱ्हा कोणती, हे सेटिंग्जमध्ये पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

येथे एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. फोल्डर उघडल्यावर दिसणारी प्रत्येक फाईल संगणकावर असतेच असे नाही. जागा वाचविण्यासाठी पुष्कळ फाईलींची केवळ नावे येथे असतात आणि ऐवज क्लाउडमध्ये. नावाशेजारी निळसर ढग दिसला तर ती नुसती पाटी. हिरवी खूण दिसली तर फाईल खरोखर उतरलेली. फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले असता दोन आकडे दिसतात, 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'. पहिला भला मोठा आणि दुसरा लहान असेल, तर बरेचसे दप्तर येथे नाहीच असे समजावे. पाट्या हलविल्याने घर हलत नाही. दुवा काढताच ह्या पाट्या येथून नाहीशा होऊ शकतात; ऐवज क्लाउडमध्ये असतो आणि पुन्हा दुवा जोडला की त्या परत दिसू लागतात. आपल्यापुरते मात्र, हलविण्याच्या आधी वंशावळींचा फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

दप्तर अर्धे जुन्या आणि अर्धे नव्या जागी राहिले तर काय होते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. विंडोज 10ची एक मोठी सुधारित आवृत्ती 2 ऑक्टोबर 2018 रोजी बाहेर पडली. ज्या लोकांनी आपला 'डॉक्युमेंट्स'सारखा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळविला होता, पण जुन्या जागच्या फाईली तेथेच राहू दिल्या होत्या, त्यांपैकी काहींच्या त्या जुन्या फाईली ह्या सुधारणेने पुसून टाकल्या. वळविलेल्या फोल्डरची जुनी जागा म्हणजे अडगळ, असा त्या प्रोग्रामचा हिशेब झाला होता. गाजावाजा होताच मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती काही दिवसांतच थांबविली, आणि दोष काढून 13 नोव्हेंबर 2018 रोजी पुन्हा दिली. नुकसान झालेल्यांची संख्या फारच थोडी होती, असे कंपनीने सांगितले. ज्याचे गेले त्याला त्या प्रमाणाचे काय सुख! म्हणून जुन्या जागेतील 'जुने' फोल्डर पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. ताडून पाहावे, निश्चिंत व्हावे आणि मग काढावे.

कित्येकांचा विचार असतो की फोल्डर 'डी' ड्राइव्हवर न ठेवता तारेने जोडण्याच्या सुट्या डिस्कवर ठेवावा, म्हणजे सोबत नेता येईल. मी ह्यास अनुकूल नाही. सुटी डिस्क मध्येच निघाली आणि प्रोग्राम चालू असला, तर फाईली नाहीशा झाल्या असा त्याचा समज होण्याचा थोडा तरी संभव राहतो. ड्रॉपबॉक्सने आपल्या मार्गदर्शनात असा इशारा पूर्वीच दिलेला आहे. शिवाय नव्या सुट्या डिस्क बहुधा 'एक्सफॅट' ह्या पद्धतीने आखलेल्या येतात. वनड्राइव्हला विंडोजवर 'एनटीएफएस' पद्धतीची आखणी लागते. डिस्क पुन्हा आखायची म्हणजे तीवरील सर्व काही पुसले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोणी 'फॉरमॅट करू का?' असे विचारले, तर होकार देण्याआधी त्या डिस्कवर काय आहे ते पाहावे.

मराठी नावांविषयीही एक बारकावा आहे. विंडोजमधील पुष्कळ प्रोग्राम अजूनही फाईलीचा संपूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाईलीच्या नावापर्यंतची अक्षरे, सुमारे 260 पर्यंतच मानतात. आणि संगणकाची अक्षरगणना आपल्या छंदःशास्त्राप्रमाणे चालत नाही. 'श्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. तो त्याची चार अक्षरे मोजतो. 'स्मरणिका' ह्या शब्दाची आठ. आपल्या मंडळींची फाईलींना पत्रिकेसारखी लांबलचक नावे देण्याची हौस पाहता, फोल्डरात फोल्डर अशा सहा-सात पायऱ्या झाल्या की ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. तेव्हा 'डी' ड्राइव्हवर दप्तर अगदी पहिल्या पायरीवरच ठेवावे.

हिशेबांच्या बाबतीत आणखी एक दक्षता. एक्सेलमधील काही तक्ते दुसऱ्या तक्त्यांतून आकडे ओढतात आणि त्यांत जुना, 'सी' ड्राइव्हचा पत्ता कोरलेला असतो. हलविल्यावर हे दुवे तुटतील. ते एकेक करून जोडावे लागतील. टॅलीची चालू वही तर सिंकच्या फोल्डरात ठेवूच नये. दोन ठिकाणांहून एकाच वेळी ती उघडली गेली तर ती बिघडण्याची भीती असते. तिची दर आठवड्याची बॅकअप प्रत तेवढी त्या फोल्डरात ठेवावी.

आता रुजुवातीकडे वळतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. तीर्थास गेल्यावर आपले गाव व आडनाव सांगितले की उपाध्ये वही काढतात आणि आजोबा-पणजोबांच्या नोंदी समोर ठेवतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात, आणि रुमालाचा क्रमांक हाच त्यांचा पत्ता. जुन्या काळी कागदाची नक्कल उतरली की ती मुळाशी ओळीने ओळ ताडून पाहिल्यावाचून कोणी ग्राह्य धरीत नसे. हा जो जुना शब्द रुजुवात, तो संगणकाच्या कामातून गळाला आहे आणि त्याची मला हळहळ वाटते. स्थलांतराच्या आधी 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसणारी फाईलींची व फोल्डरांची संख्या कागदावर लिहून ठेवावी, स्थलांतरानंतर नव्या जागेची संख्या तिच्याशेजारी लिहावी, आणि दोघांनी सह्या कराव्यात. संख्या जुळली तरी प्रत्येक विभागातील दोन-चार फाईली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. कारण नाव असून पान न उघडणे हेही घडते.

ह्याखेरीज, सिंकच्या आरशांत नसलेली अशी एक प्रत हवीच. एका सुट्या डिस्कवर सर्व दप्तर उतरवून, ती संगणकापासून काढून, कार्यालयाबाहेर कोणा पदाधिकाऱ्याच्या कपाटात ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी नवी करावी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या कित्येक घरांतील कागदपत्रे एका दिवसात पाण्याखाली गेली. आपले अकलूजही नीरेच्या काठचेच गाव आहे. दोन प्रती एकाच खोलीत असणे म्हणजे एकच प्रत असणे होय.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी काढतो. आपले खाते कोणाच्या नावाचे आहे? बहुतेक संस्थांत ते कोणा कार्यवाहांच्या खासगी ईमेलवर उघडलेले असते. पासवर्ड त्यांना ठाऊक, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. निवडणूक झाली, कार्यवाह बदलले, अथवा देवाज्ञा झाली, की दप्तरास कुलूप. गुगलने तर दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर 2023 पासून अमलात आणले आहे. ड्राइव्ह बदलणे हे खोली बदलण्यासारखे आहे. पण घरच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर खोल्या बदलून काय साधणार? म्हणून ह्या स्थलांतराच्या निमित्ताने खाते संघाच्या नावाच्या स्वतंत्र ईमेलवर करावे, आणि पासवर्ड व खाते परत मिळविण्याचे संकेतांक मोहोरबंद लिफाफ्यात कोषाध्यक्षांकडे ठेवावेत, अशी सूचना मी कार्यकारी मंडळास लेखी दिली आहे. तीवर दोन मते आहेत, हे मी जाणून आहे. मतभेद असोत, निर्णय मात्र पुढच्या निवडणुकीच्या आधी व्हावा.

वधूवर नोंदणीच्या अर्जांत मुलामुलींची जन्मवेळ, मिळकत, दूरध्वनी क्रमांक असे घरगुती तपशील असतात. लोकांनी ते विश्वासाने दिले आहेत, आणि 2023 सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. दुवा काढला म्हणजे जुना संगणक कोरा झाला असे नव्हे. फोल्डर तेथे तसाच असतो. जुना संगणक विकण्यापूर्वी अथवा कोणा विद्यार्थ्यास देण्यापूर्वी तो जाणकाराकडून पुसून घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर जाऊ नये.

कार्यालयातील स्थलांतराचे काम माघी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी हाती घेण्याचे योजले आहे. त्याच्या आदल्या शनिवारी सायंकाळी सहापासून सोमवारी सकाळी दहापर्यंत पुणे व सोलापूर येथील कार्यकर्त्यांनी कृपा करून सामाईक फोल्डरातील कोणतीही फाईल उघडू नये, नवी ठेवू नये व काढू नये. ज्यांच्या संगणकावर अद्याप वर न गेलेले काही असेल, त्यांनी शुक्रवारपूर्वीच सिंक पूर्ण करून घ्यावे. रुजुवातीसाठी दोन सभासद हवे आहेत. ज्यांना दिवसभर बसणे शक्य आहे आणि ज्यांचा चष्म्याचा नंबर अलीकडेच तपासून झाला आहे, अशांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत.